ट्रान्झिस्टरवरून आपलं ठिकाण कसं काढायचं: रेडिओ केंद्रांच्या दिशांपासून नकाशावरच्या खुणेपर्यंत

रेडिओ फिरवायचा, केंद्र कुठल्या दिशेला आहे ते बघायचं, नकाशावर रेघ ओढायची. आणखी दोन केंद्रांसाठी तेच करायचं आणि रेघा मिळतील तिथे आपण. एवढंच कुठेतरी वाचून लोक संध्याकाळी सात वाजता गच्चीवर जातात, इअरफोन लावतात, मोबाइलचं होकायंत्र रेडिओवरच ठेवतात आणि आवाज सर्वांत मोठा कुठे येतो ते शोधत बसतात. एका वाक्यात पाच चुका झाल्या. मग साताऱ्यात बसलेला माणूस नकाशावर अरबी समुद्रात निघतो आणि ‘हे काही खरं नाही’ म्हणून विषय संपतो.

रीत खरी आहे. फक्त तिचा क्रम पाळावा लागतो, आणि निम्मं काम रेडिओ सुरू करण्याच्या आधीचं आहे.

अपेक्षा आधीच ठरवून घ्या. साठ किलोमीटरवरच्या केंद्राची दिशा एका अंशाने चुकली, तर रेघ साधारण एक किलोमीटरने सरकते. हाताने फिरवलेल्या साध्या ट्रान्झिस्टरवर तीन ते पाच अंशांची चूक धरून चालायचं. म्हणजे शंभर किलोमीटरवरच्या केंद्रांवरून काढलेलं ठिकाण पाच-आठ किलोमीटर इकडेतिकडे असणार. तालुका कळेल, वाडी कळणार नाही. डोंगरात वाट चुकलेल्याने यावर विसंबून उतरायला लागू नये.

टप्पा १: रेडिओ आणि त्यातली दांडी

मध्यम लहरी, म्हणजे रेडिओवर ‘एमडब्ल्यू’ किंवा ‘एएम’ लिहिलेला पट्टा असलेला, सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर हवा. नुसता एफएम असलेला चालणार नाही. एफएमची लहर तीन मीटरच्या आसपासची असते, ती इमारतीवरून, कड्यावरून परतते, आणि घाटात उभं राहिलं की रेडिओ केंद्राऐवजी समोरच्या कड्याकडे बोट दाखवतो. मध्यम लहर शेकडो मीटर लांबीची. पुणे केंद्राची ७९२ किलोहर्ट्झची लहर जवळजवळ ३८० मीटरची आहे. दिवसा ती जमिनीलगत येते, म्हणून तिची दिशा विश्वासाची.

रेडिओच्या आत काळसर रंगाची, तारेचे वेढे घातलेली फेराइटची दांडी असते. मध्यम लहरींचा खरा एरियल तीच. बाहेर ओढून काढायची चकचकीत कांडी एफएम आणि लघुलहरींसाठी असते. ती पूर्ण आत ढकलून ठेवा, काही संचांत ती मध्यम लहरींतही ढवळाढवळ करते.

दांडी बहुतेक संचांत वरच्या लांब कडेला आडवी बसवलेली असते, पण गृहीत धरू नका. एखादं जवळचं केंद्र लावा आणि रेडिओ टेबलावर सावकाश गोल फिरवा. एका फेरीत आवाज दोनदा पडला पाहिजे आणि त्या दोन जागा समोरासमोर आल्या पाहिजेत. आवाज पडतो तेव्हा दांडीचं टोक केंद्राकडे असतं. म्हणजे दांडी लांबीला समांतर असेल, तर रेडिओची अरुंद बाजू केंद्राकडे आणि तोंड केंद्राला काटकोनात. उभ्या आकाराच्या खिशातल्या रेडिओत दांडी आखूड आणि रुंदीला समांतर असते. संच उघडता आला तर डोळ्यांनीच बघून घ्या आणि दांडीच्या दिशेची रेघ बाहेरून पेनने मारून ठेवा.

*तपासा:* फिरवूनही आवाजात फरकच पडत नसेल, तर केंद्र फार जवळ आहे, किंवा इअरफोन वा चार्जरची तार जोडलेली आहे. तार म्हणजे दुसरा एरियल, आणि त्याला दिशा कळत नाही. या कामात रेडिओला एकही तार जोडलेली नको.

टप्पा २: मोठा आवाज नको, पडलेला आवाज हवा

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. रेडिओ गोल फिरवला की आवाज बऱ्याच मोठ्या कोनात जवळपास सारखाच राहतो. शिवाय संचाच्या आत आवाज आपोआप सारखा ठेवणारी व्यवस्था असते. सिग्नल कमी झाला की ती वाढवून देते. त्यामुळे सर्वांत मोठा आवाज नेमका कुठे, हे कानाला कळतच नाही. पडणारा आवाज मात्र चटकन पडतो आणि लगेच उठतो. दिशा त्याच्यावरून घ्यायची. इथून पुढे तिला शांत दिशा म्हणतो.

शांत दिशेला रेडिओ गप्प होत नाही, हेही लक्षात ठेवा. आतली व्यवस्था सिग्नल वाढवायला जाते आणि हाती खरखर येते, म्हणून एकूण गोंगाट उलट वाढल्यासारखा वाटतो. गोंगाट ऐकू नका, निवेदकाचं बोलणं ऐका. आधी बोलण्यातले स, श, च हे आवाज खरखरीत विरतात, मग शब्द ओळखू येईनासे होतात, आणि एका जागी नुसती कुजबुज उरते. बोलण्यात विराम आला तर थांबा, फिरवू नका. गाण्यावर मोजमाप करू नका, गाणं स्वतःच हळू-मोठं होत असतं. बातम्या, शेतीविषयक मुलाखत, बाजारभाव हे उत्तम.

पडद्यावर सिग्नलचा आकडा दाखवणारा डिजिटल संच असेल तर काम सोपं होतं, आकडा सर्वांत खाली कुठे जातो ते बघायचं. पण अशा पुष्कळ संचांत सिग्नल कमी झाला की आवाज मुद्दाम दाबला जातो. त्यामुळे कानाने ऐकलं तर शांत पट्टा उगाच रुंद वाटतो. अशा संचावर आकड्यावर भरवसा ठेवा, कानावर नको.

टप्पा ३: केंद्रं निवडणं

कमीत कमी तीन, शक्यतो चार. आपल्याभोवती पसरलेली हवीत. दोन रेघा तीस अंशांपेक्षा लहान कोनात मिळत असतील तर छेदनबिंदू लांबच लांब घसरतो. दोन केंद्रं एकाच अंगाला असणं म्हणजे एकच केंद्र असल्यासारखं.

भारतात मध्यम लहरींची केंद्रं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने असतात. आपल्याकडे वर्षानुवर्षं ऐकली जाणारी काही अशी: मुंबई १०४४ आणि ५५८, पुणे ७९२, नागपूर ५८५, जळगाव ९६३, परभणी १३०५, सांगली १२५१, रत्नागिरी ११४३, पणजी १२८७, धारवाड ७६५. पण गेल्या काही वर्षांत आकाशवाणीने मध्यम लहरींचे पुष्कळ प्रक्षेपक बंद केले आणि केंद्रं एफएमवर नेली. म्हणून यादीवर नको, कानावर विश्वास ठेवा. आदल्या दिवशी भर दुपारी पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि काय लागतं ते वहीत लिहा.

काही केंद्रांच्या अगदी शेजारी सतत एकसुरी, सळसळल्यासारखा आवाज येतो. तो बिघाड नाही, त्याच मनोऱ्यावरून जाणारं डिजिटल प्रक्षेपण आहे. त्याचीही शांत दिशा सापडते, पण साध्या रेडिओवर त्यातून नाव ऐकू येत नाही, म्हणून ओळख पटवायला ते निरुपयोगी.

ओळख पटवणं ही इथली खरी मेख. दिल्लीच्या बातम्या एकाच वेळी कितीतरी केंद्रांवरून सहक्षेपित होतात आणि पुण्याचं प्रादेशिक बातमीपत्र राज्यभर. त्या दहा मिनिटांत ‘पुणे’ हा शब्द ऐकून तुम्ही सांगलीची दिशा पुण्याच्या नावावर लिहाल. बातम्या संपून स्थानिक निवेदक केंद्राचं नाव सांगेपर्यंत थांबा, मगच वहीत नाव घाला. आकड्यांचा पडदा असेल तर किलोहर्ट्झही लिहा. काटा सरकणाऱ्या जुन्या संचावर शेजारचं केंद्र लागून जाणं सहज होतं.

*सावधान:* आकाशवाणीची केंद्रं दिवसभर सलग चालतीलच असं नाही. पहिली, दुसरी, तिसरी सभा असे भाग असतात आणि दोन सभांच्या मध्ये प्रक्षेपक बंद असू शकतो. तिन्ही केंद्रं एकाच वेळी हवेत असतील अशी वेळ आधी शोधा, नाहीतर दोन दिशा घेऊन तिसरीसाठी उन्हात बसावं लागेल.

टप्पा ४: प्रक्षेपक कुठे आहे? स्टुडिओ नव्हे

रेघ ओढायची ती मनोऱ्यापासून, कार्यालयापासून नाही. पुण्याचा स्टुडिओ शिवाजीनगरला आहे. मध्यम लहरींचा मनोरा हडपसरला, जिथल्या बसथांब्यालाच ‘आकाशवाणी’ म्हणतात. दोन्हींत आठ-दहा किलोमीटरचं अंतर. मुंबईचं आकाशवाणी भवन चर्चगेटला आणि मनोरे मालाडला, मालवणीच्या बाजूला. इथे फरक पंचवीस किलोमीटरच्या वर जातो. नकाशाच्या ॲपमध्ये ‘आकाशवाणी’ टाकून पहिली आलेली खूण उचलली, तर बाकी सगळं बरोबर करूनही उत्तर चुकेल.

उपग्रहचित्रात मनोरा ओळखायची युक्ती अशी: मोकळं, बांधकाम नसलेलं मोठं मैदान, मध्ये एक ठिपका, आणि त्या ठिपक्यापासून जमिनीवर पडलेली लांबच लांब बारीक सावली. मनोरा दिसत नाही, सावली दिसते. सापडला की अक्षांश-रेखांश वहीत टिपा.

टप्पा ५: वेळ आणि जागा

सूर्योदयानंतर दोन तासांनी सुरू करा, सूर्यास्ताच्या दोन तास आधी बंद करा. दिवसा वरच्या वातावरणाचा खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो आणि आपल्यापर्यंत फक्त जमिनीलगतची लहर पोहोचते. तो थर सूर्य मावळला की विरतो, आणि तीच लहर आणखी वरच्या थरावरून परतून खाली येऊ लागते. वरून आलेली लहर दांडीला फसवते. शांत दिशा उथळ होते, मिनिटामिनिटाला सरकते, कधी नाहीशीच होते. रात्री केंद्रं जास्त लागतात म्हणून लोक रात्रीची वेळ निवडतात, आणि नेमकी तीच वाईट. तिन्हीसांजेला आणि पहाटे तर दोन्ही लहरींची मारामारी चाललेली असते.

वळवाच्या दिवसांत दुपारनंतर विजांची कडकड रेडिओवर येते. तेव्हा सकाळी नऊ-साडेनऊ ते बारा ही वेळ बरी.

जागेबद्दल कडक राहा. घरात नाही, गच्चीवरही नाही, कारण स्लॅबमधल्या सळ्या, पाण्याच्या टाकीचा पाइप, जिन्याचा कठडा हे सगळं लहर वाकवतं. मोकळं माळरान, खळं, शाळेचं मैदान शोधा. विजेच्या तारा, पत्र्याची शेड, काटेरी तारेचं कुंपण, रेल्वेची वरची तार यांपासून निदान शंभर-दोनशे मीटर दूर. आपली गाडीही वीस-पंचवीस पावलांवर ठेवा. डोंगराच्या पायथ्याला, खिंडीत किंवा नदीच्या खोल दरीत उभं राहण्यापेक्षा पठारावर जा.

किनाऱ्यावर आणखी एक घोळ आहे. लहर पाण्यावरून जमिनीवर येताना किंचित वळते, आणि ती किनाऱ्याला लहान, तिरप्या कोनात ओलांडत असेल तर जास्त वळते. अलिबागहून मालाडचा मनोरा जवळजवळ उत्तरेला आहे आणि वाट किनाऱ्याच्या कडेकडेने, पाण्यावरून. अशी दिशा दुय्यम समजायची. त्याच जागेवरून पुण्याची दिशा पूर्ण जमिनीवरून येते, ती आधी धरा.

टप्पा ६: चकती मांडणं

साहित्य फार नाही. लाकडी पाट किंवा प्लास्टिकचं स्टूल, त्यावर चिकटवलेली ० ते ३६० अंशांची कागदी चकती, मध्ये फिरणारी पातळ फळी, आणि फळीवर रबरबँडने बांधलेला रेडिओ. फळीला एका टोकाला बाण. मधला खिळा पितळेचा किंवा लाकडी घ्या. लोखंडी खिळा होकायंत्राला ओढतो.

क्रम असा ठेवा. आधी पाट समतल करा, दांडी आडवीच राहिली पाहिजे. मग रेडिओ दूर ठेवून, होकायंत्र चकतीवर ठेवून चकतीचा शून्य उत्तरेला लावा आणि पाट हलणार नाही असा बसवा. मग होकायंत्र उचलून बाजूला नेऊन ठेवा. शेवटी रेडिओ आणून फळीवर बांधा, दांडीची रेघ बाणाला समांतर करून.

हा क्रम उलटा झाला की सगळं बिघडतं. रेडिओच्या स्पीकरमध्ये चुंबक असतं. रेडिओशेजारी होकायंत्र ठेवलं तर ते उत्तर नाही, स्पीकर दाखवतं. मोबाइलचं होकायंत्र वापरत असाल तर चुंबकाची झडप असलेलं कव्हर काढा, फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवून घ्या, आणि उत्तर लावून झाल्यावर फोन लांब ठेवा. फोन स्वतः मध्यम लहरींवर खरखर ओततो.

महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाच्या आतच आहे. या कामापुरता तो सोडून द्या.

*तपासा:* चकती लावून झाल्यावर लांबचं एखादं ओळखीचं ठिकाण, मंदिराचा कळस किंवा डोंगराचं शिखर, बाणाच्या रेषेत धरून बघा. नकाशावरच्या कोनाशी दोन अंशांत जुळलं तर पुढे जा.

टप्पा ७: मोजणं

फळी काडीने किंवा लांब पट्टीने ढकला. हात रेडिओजवळ नेला की शांत दिशा सरकते, ही एकदा करून बघण्यासारखी गोष्ट आहे.

शांत दिशेच्या तळावर थेट बोट ठेवू नका. एका बाजूने येताना बोलणं कळेनासं होतं तो अंश लिहा, तसंच पुढे जात पुन्हा कळायला लागतं तो अंश लिहा. दोन्हींचा मध्य म्हणजे दिशा. समजा पुण्यासाठी ३५१ ला शब्द बुडाले आणि ३ ला पुन्हा उमटले. मध्य ३५७. इथे (३५१ + ३) ÷ २ = १७७ असं लिहिणारे पुष्कळ भेटतात. शून्य ओलांडताना ३ ऐवजी ३६३ धरायचे.

आता फळी अर्धा वर्तुळ फिरवून समोरची शांत दिशा मोजा. ती १७७ यायला हवी. १७३ आली तर याच बाजूच्या हिशोबात तिला ३५३ धरा आणि ३५७ शी सरासरी काढा, ३५५. दोन्ही बाजूंत दहा अंशांहून जास्त तफावत असेल तर सरासरी काढू नका, कारण शोधा: तार, हात, जवळचं लोखंड, की कललेला पाट.

प्रत्येक केंद्राची हीच फेरी तीनदा, आणि केंद्रं आलटून पालटून. एकाच केंद्राच्या तीन फेऱ्या सलग घेतल्या की पहिला आकडा डोक्यात बसतो आणि कान तोच ऐकतो. वहीत केंद्राचं नाव, किलोहर्ट्झ, वेळ, दोन्ही बाजूंचे अंश आणि शांतता खोल होती की उथळ, एवढं हवं. उथळ असेल तर तिच्या रेघेला शेवटी कमी वजन.

टप्पा ८: ओळखीच्या जागी तालीम

हा टप्पा वगळला तर बाकीच्यांना अर्थ नाही. जिथे आपण कुठे आहोत हे पक्कं माहीत आहे, अशा मोकळ्या जागी आधी सगळं करायचं. नकाशावरून प्रत्येक मनोऱ्याची खरी दिशा काढायची आणि मोजलेली दिशा तिच्या शेजारी लिहायची.

साताऱ्याचं उदाहरण घेऊ, कारण तिथली मांडणी सुरेख आहे. साताऱ्याहून पुण्याचा मनोरा सुमारे ३५५ अंशांवर, ९० किलोमीटर. सांगली सुमारे १४६ अंशांवर, ११० किलोमीटर. रत्नागिरी सुमारे २२४ अंशांवर, १०५ किलोमीटर. (सांगली आणि रत्नागिरी इथे शहराच्या हिशोबाने धरली आहेत. तुम्ही मनोऱ्याचे आकडे घाला आणि दोन्ही लागतात ना ते आधी ऐका.) तिन्ही तीन अंगांना, मध्ये आपण.

समजा मोजणी आली ३५९, १५० आणि २२८. तिन्ही बरोबर चार अंशांनी जास्त. हा दोष मांडणीचा आहे: दांडी बाणाला समांतर नाही किंवा चकतीचा शून्य सरकला आहे. एक तर दुरुस्त करा किंवा दर वेळी चार वजा करा. तो संच आणि ती फळी बदलली नाही तोवर हा आकडा तुमचा.

समजा आलं ३५६, १४७ आणि २३६. दोन ठीक, एक बाराने बाहेर. हा दोष संचाचा नाही, त्या दिशेचा किंवा त्या जागेचा आहे. पन्नास-शंभर पावलं सरकून पुन्हा मोजा. आकडा बदलला तर जवळपास तार किंवा लोखंड आहे. तोच राहिला तर नाव किंवा मनोऱ्याची जागा चुकली असण्याची शक्यता मोठी.

टप्पा ९: नकाशावर रेघा

तिन्ही मनोरे एकाच कागदावर मावतील असा नकाशा हवा. १:१०,००,००० प्रमाण असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे दहा किलोमीटर, हे सोयीचं पडतं. अक्षांश-रेखांश आलेखकागदावर सारख्या चौकटींनी मांडू नका. आपल्याकडे एक अंश अक्षांश १११ किलोमीटर, तर एक अंश रेखांश १०५ च्या आसपास, त्यामुळे कोन तिरपे होतात.

रेघ मनोऱ्यातून ओढायची. मनोऱ्यावर कोनमापक ठेवा, उत्तरेपासून मोजलेला (दुरुस्त केलेला) कोन घ्या आणि रेघ दोन्हीकडे लांबवा. ‘रेडिओ दोन दिशा दाखवतो, मग खरी कोणती’ या प्रश्नाने लोक अडून बसतात आणि जास्तीचा एरियल विकत घ्यायला निघतात. इथे गरज नाही. केंद्र कुठे आहे हे आपल्याला माहीत आहे, त्याच्यातून जाणारी रेघ एकच, आणि दोन रेघा एकदाच मिळतात. अपरिचित प्रक्षेपक शोधायचा असता तर प्रश्न खरा होता.

*तपासा:* रेघा भलतीकडेच मिळाल्या, म्हणजे शेजारच्या राज्यात किंवा समुद्रात, तर प्रत्येक कोनात ९० मिळवून पुन्हा ओढा. एकदम जुळलं तर समजायचं की शांत दिशेला दांडी केंद्राला काटकोनात आहे असं धरलं गेलं.

टप्पा १०: त्रिकोण वाचणं

तीन रेघा एका बिंदूत मिळत नाहीत, लहानसा त्रिकोण होतो. त्याच्या मध्यावर टिंब देऊन मोकळं होणं ही शेवटची चूक. केंद्रं आपल्याभोवती सगळीकडे असतील आणि प्रत्येक रेघ एकाच बाजूला सारखीच चुकली असेल, तर आपण त्रिकोणाच्या आत असतो. पण सगळी केंद्रं एकाच अंगाला, अर्ध्या वर्तुळाच्या आत असतील, तर त्याच दोषाने आपली खरी जागा त्रिकोणाच्या बाहेर पडते. कोकणपट्टीत हे नेहमी होतं, कारण पश्चिमेला केंद्रच नाही.

म्हणून टिंब नको, पट्टा काढा. प्रत्येक रेघेच्या दोन्ही बाजूंना चार-चार अंशांच्या फिकट रेघा ओढा. तिन्ही पट्टे जिथे एकमेकांवर येतात तो तुकडा म्हणजे उत्तर. मग त्या तुकड्यात समोर दिसणारं काय बसतं ते बघा: नदी कुठल्या हाताला, घाट कुठे, महामार्गाचा आवाज कुठून.

होकायंत्र बिनभरवशाचं असेल तर

बसाल्टच्या कातळावर होकायंत्र कधीकधी चळतं. अशा वेळी उत्तर सोडून द्या आणि केंद्रांमधले कोनच वापरा. चकतीचा शून्य कुठेही असू द्या, तिन्ही शांत दिशा मोजा. ट्रेसिंग पेपरवर एका बिंदूतून त्या तीन दिशांच्या रेघा दोन्हीकडे लांब ओढा. कागद नकाशावर ठेवून सरकवत, फिरवत राहा, तिन्ही रेघा आपापल्या मनोऱ्यांवरून जाईपर्यंत. जमलं की मधला बिंदू टाचणीने नकाशावर टोचा. होकायंत्राची आणि फळीची कायमची चूक यात आपोआप गळून पडते, म्हणून मला ही रीत नेहमीच्या रीतीहून आवडते.

एक जागा मात्र टाळायची. तीन मनोऱ्यांतून जाणारं वर्तुळ काढा. तुम्ही त्या वर्तुळावर किंवा त्याच्या अगदी जवळ असाल तर कागद पाहिजे तिथे बसतो आणि उत्तर एक राहत नाही. तीन मनोऱ्यांच्या त्रिकोणाच्या मध्यावर असाल तर ही भीती नाही.

रात्रीच करायची वेळ आली तर

लांबची केंद्रं विसरा. तीस-चाळीस किलोमीटरच्या आतलं, दिवसाही दणदणीत लागणारं केंद्र असेल तर त्याची जमिनीलगतची लहर रात्रीही वरचढ राहते, तेवढीच घ्या. एका मोजणीवर थांबू नका, पाच-पाच मिनिटांनी दहा-बारा मोजण्या घ्या. आकडे एका अंगाला सरकत चालले असतील तर सोडून द्या आणि सकाळची वाट बघा.

चौथं केंद्र

ठिकाण काढून झालं, पण अजून रेडिओ आवरू नका. नकाशावर जो तुकडा मिळाला त्याच्या मध्यावरून, आतापर्यंत न वापरलेल्या चौथ्या मनोऱ्याची दिशा कोनमापकाने काढा आणि कागदावर लिहा. साताऱ्याच्या उदाहरणात मालाडचा मनोरा सुमारे ३२३ अंशांवर यायला हवा. लिहून झाल्यावरच फळी फिरवा. शांत दिशा पाच अंशांत सापडली तर ठिकाण धरा. दहाच्या पुढे गेली तर आधी वहीतली केंद्रांची नावं तपासा, मग मनोऱ्यांच्या जागा, आणि सगळ्यात शेवटी कान.